मताची राखण

सायंकाळीं साडेसातची वेळ ही आपल्याकडे एके काळीं दिवेलागणीनंतरची, मुलांच्या परवच्याची आणि चुलीवरच्या आमटीच्या वासाची वेळ होती. युरोपांतील सर्बिया देशाच्या राजधानींत, बेलग्रेड शहरांत, १९९६-९७ च्या हिंवाळ्यांत ह्याच वेळीं एक चमत्कारिक प्रकार रोज घडत असे. साडेसातच्या ठोक्याला सरकारी दूरचित्रवाणीवर बातम्या सुरू होत. आणि त्याच क्षणीं घरोघरच्या खिडक्या उघडून गृहिणी, आजोबा, शाळकरी मुलें त्या कडाक्याच्या थंडींत बाहेर डोकावत आणि पातेलीं, झांकणें व तवे डावांनीं बडवूं लागत. बातम्या चालू असेपर्यंत हा गजर चाले. हेतु एवढाच कीं, सरकारी निवेदक जें सांगत आहे तें आपल्या घरांत ऐकूं येऊं नये, आणि आपणांस तें खोटें वाटतें हें मात्र शेजाऱ्यास ऐकूं यावें.

भांड्यांचा असा नाद महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. १९७२ नंतरच्या महागाईंत मुंबईच्या स्त्रिया मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या मागोमाग लाटणीं आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, हें आमच्या वडील वाचकभगिनींस आठवत असेल. परंतु मुंबईच्या थाळीची तक्रार संसाराच्या जिनसा परवडत नाहींत, ही होती; बेलग्रेडच्या पातेल्याची तक्रार निराळी होती. आम्हीं दिलेलें मत आम्हांस परत द्या, असें तें पातेलें सांगत होतें. लोकांनीं निवडून दिलेला माणूसच हळूहळू लोकांचा धनी होऊं लागला, तर सभ्य, पापभीरु, संसारी माणसानें काय करावें? कुंपणच शेत खाऊं लागलें, तर राखण कोणीं करावी? ह्या प्रश्नाचें जें उत्तर बेलग्रेडच्या लोकांनीं कित्येक वर्षें चांचपडत शोधलें, तें आमच्या वाचकांपुढें मांडावें, असें आम्हीं योजिलें आहे.

बेलग्रेडचें नांव आपल्या इकडील सुशिक्षितांस अगदींच परकें नाहीं. १९६१ सालच्या सप्टेंबरांत अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद ह्याच शहरांत भरली होती, आणि पंडित नेहरू तीस हजर होते. यजमान मार्शल टिटो १९८० सालीं निवर्तले. त्यांच्या मागें युगोस्लाव्हिया नांवाचें सहा घटकराज्यांचें तें एकत्र कुटुंब फार दिवस नांदलें नाहीं. कर्ता पुरुष गेल्यावर घरांत वांटणीच्या गोष्टी सुरू व्हाव्या, तसें झालें.

ह्या धामधुमींत सर्बियांत जो पुढें आला, तो स्लोबोदान मिलोशेविच. कायद्याचा पदवीधर, एका मोठ्या बँकेचा माजी प्रमुख आणि कम्युनिस्ट पक्षाचा शिस्तीचा कार्यकर्ता. इव्हान स्तांबोलिच ह्या ज्या मित्रानें त्याला पायरीपायरीनें वर आणिलें, त्याचाच १९८७ सालीं त्यानें पक्षांत पाडाव केला. कोसोव्हो प्रांतांत अल्पसंख्य असलेल्या सर्बांचें गाऱ्हाणें हातीं घेऊन तो थोड्याच दिवसांत लोकनायक झाला.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरली पाहिजे. मिलोशेविच हा रणगाडे घेऊन राजवाड्यांत शिरलेला सेनापति नव्हता. १९९० च्या डिसेंबरांत सर्बियांत अनेक पक्षांची पहिली निवडणूक झाली, तींत अध्यक्षपदासाठीं त्याला सुमारें ६५ टक्के मतें पडलीं. त्याच्या समाजवादी पक्षास विधिमंडळासाठीं ४६ टक्के मतें मिळालीं. परंतु एकेका जागेच्या मतदारसंघांच्या पद्धतीमुळें २५० पैकीं १९४ जागा त्या पक्षाच्या पदरांत पडल्या. म्हणजे निम्म्याहून कमी मतांवर तीन-चतुर्थांशाहून अधिक सभागृह हातीं आलें.

ह्या बहुमताचा उपयोग त्यानें मोठ्या बेतानें केला. निवडणुका बंद केल्या नाहींत, विरोधी पक्षांवर बंदी घातली नाहीं, स्वतंत्र वर्तमानपत्रेंही थोडींबहुत चालूं दिलीं. दूरचित्रवाणी, पोलीस आणि पैसा ह्या तीन किल्ल्यांचा जुडगा मात्र त्यानें आपल्या कमरेला लावून ठेविला. राजधानीबाहेरच्या बहुसंख्य घरांना जगाची खबर सरकारी वाहिनीवरूनच कळे, आणि त्या वाहिनीवर त्याच्या विरोधकांस देशद्रोह्यांखेरीज दुसरें नांव नसे.

म्हणूनच लोकांचा पहिला मोठा मोर्चा निघाला तो राजवाड्यावर नव्हे, दूरचित्रवाणीच्या विरुद्ध. ९ मार्च १९९१ रोजीं कादंबरीकार व पुढारी वुक द्राश्कोविच ह्याच्या हांकेवरून हजारों लोक बेलग्रेडच्या मध्यवर्ती चौकांत जमले. पोलीस व जमाव ह्यांत चकमक उडाली. एक तरुण विद्यार्थी आणि एक पोलीस प्राणांस मुकले. संध्याकाळीं शहरांत सैन्याचे रणगाडे आले. विद्यार्थी तरीही रस्त्यावर ठाण मांडून बसले, तेव्हां दूरचित्रवाणीच्या संचालकास पद सोडावें लागलें. खुर्चीवरचा माणूस गेला. खुर्ची होती तेथेंच राहिली.

पुढें युद्धें आलीं. क्रोएशिया आणि बोस्निया ह्या शेजाऱ्यांच्या भूमीवर जे अत्याचार झाले, त्यांचें वर्णन येथें करीत नाहीं. सर्बियावर मे १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांचा आर्थिक बहिष्कार पडला, आणि सरकारनें नोटा छापण्याचा सपाटा लाविला. १९९३ सालीं ५०० अब्ज दिनारांची एक नोट निघाली. तिच्यावर योव्हान योव्हानोविच झ्माय ह्या, बालगीतांसाठीं घरोघर आवडत्या असलेल्या कवीचें चित्र होतें. ज्या मुलांनीं त्याचीं गाणीं पाठ केलीं, त्यांच्याच आया ती नोट घेऊन बाजारांत जात आणि अर्धी पिशवी रिकामी घेऊन परत येत. जानेवारी १९९४ ह्या एका महिन्यांत भाव ३१ कोटी टक्क्यांहून अधिक वाढले. भरमसाट व्याजाचें आमिष दाखविणाऱ्या पेढ्या बुडाल्या आणि त्यांत शिक्षक, डॉक्टर, पेन्शनर ह्यांची जन्माची पुंजी गेली. शिकलेले तरुण मिळेल त्या वाटेनें परदेशीं गेले. पांढरपेशा वर्ग म्हणून जो समाज असतो, ज्याच्या घरांत पुस्तकें असतात आणि ज्याला उद्यांची काळजी असते, तो सर्बियांत ह्या दोन वर्षांत जवळजवळ भिकेस लागला. तरीही १९९२ च्या डिसेंबरांत मिलोशेविच पुन्हां निवडून आला होता. भयभीत माणूस ओळखीच्या धन्यालाच चिकटतो, हें सत्य कडू असलें तरी नाकारतां येत नाहीं.

१९९५ च्या अखेरीस बोस्नियांतील युद्ध थांबलें, आणि पुढच्या नोव्हेंबरांत नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. तत्त्ववेत्ता झोरान जिंजिच, समाजशास्त्रज्ञ वेस्ना पेशिच ह्या विदुषी आणि द्राश्कोविच ह्यांनीं आपले पक्ष जोडून एक आघाडी उभारली. तिचें नांवच 'एकत्र' ह्या अर्थाचें होतें. १७ नोव्हेंबर १९९६ रोजीं दुसऱ्या फेरीची मोजणी झाली, आणि बेलग्रेड, निश, नोवी साद अशीं मोठमोठीं शहरें ह्या आघाडीनें जिंकल्याचें दिसून आलें. दोन दिवस गेले, आणि निवडणूक-मंडळें व न्यायालयें ह्यांनीं कोठें कोठें 'गैरप्रकार' झाल्याचें सांगून निकाल रद्द करण्यास आरंभ केला. पुन्हां मतदान घ्या, असा हुकूम सुटला. विरोधकांनीं त्यांत भाग घेण्याचें साफ नाकारलें.

ह्या ठिकाणीं आमच्या कथेंतील सर्वांत महत्त्वाची वस्तु येते. ती म्हणजे एक साधा कागद. प्रत्येक मतदान-केंद्रावर मोजणी संपली कीं तिचें पत्रक होतें, त्यावर तेथें बसलेल्या सर्व पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या होतात, आणि प्रत्येकास त्याची प्रत मिळते. आघाडीच्या कार्यकर्त्यांनीं ह्या प्रती जपून ठेविल्या होत्या. तेव्हां 'आमचें मत चोरलें' हें म्हणणें रस्त्यावरची नुसती ओरड राहिलें नाहीं. त्याला केंद्रागणिक आंकड्यांचा पुरावा होता. ज्याच्याजवळ हिशेबाची वही आहे, त्याला सावकाराशीं भांडतां येतें. वही नसली तर कोर्टांत रडणें तेवढें उरतें.

निश आणि बेलग्रेड येथें लोक रस्त्यावर उतरले, आणि मग रोज उतरले. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी असे एकूण तीन महिने, बर्फ पडत असतांही, दुपारीं विद्यार्थ्यांचा आणि नंतर नागरिकांचा मोर्चा निघे. शिट्ट्या, ढोल, कर्णे ह्यांचा कल्लोळ होई. सरकारी इमारतींवर, दूरचित्रवाणीच्या कचेरीवर, सरकारच्या ओंजळीनें पाणी पिणाऱ्या वर्तमानपत्रावर कोंबडीचीं अंडीं फेकण्यांत येत, इतकीं कीं कोणी कोणी ह्या चळवळीस 'पिवळी क्रांति' म्हणूं लागले. दगड मारला तर कांच फुटते आणि पोलिसाला लाठी उगारण्यास कारण मिळतें. अंड्यानें भिंत तेवढी बरबटते. सरकारनें डिसेंबरच्या आरंभीं 'बी ९२' हें स्वतंत्र नभोवाणी-केंद्र बंद केलें, तेव्हां तेथील तरुणांनीं आपला कार्यक्रम तेव्हां नवा असलेल्या इंटरनेटच्या मार्गानें ॲमस्टरडॅमकडे धाडला, आणि दोनच दिवसांत सरकारला तें केंद्र पुन्हां सुरू करूं द्यावें लागलें.

मोर्चामुळें वाहतुकीस अडथळा होतो, ह्या सबबीवर डिसेंबरच्या अखेरीस रस्त्यांतून चालण्यास बंदी झाली. त्यावर जानेवारींत एके दिवशीं शेंकडों मोटारी शहराच्या मध्यभागीं येऊन एकाएकीं 'नादुरुस्त' झाल्या. धनी खालीं उतरले, बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्यानें आंत पाहूं लागले, आणि वाहतूक ठप्प झाली. पोलीस काय करणार? गाडी बिघडणें हा काहीं गुन्हा नव्हे.

हें सारें हंसतखेळत चाललें, असें मात्र कोणीं समजूं नये. २४ डिसेंबरला सरकारनें ठिकठिकाणांहून आपले पाठीराखे बसगाड्यांनीं राजधानींत आणिले. दोन्ही जमाव समोरासमोर आले, मारामारी झाली आणि विरोधी पक्षाच्या एका माणसाचा प्राण गेला. फेब्रुवारीच्या आरंभीं एका रात्रीं साव्हा नदीवरील पुलाजवळ पोलिसांनीं गारठलेल्या लोकांवर पाण्याचे फवारे सोडले आणि मग लाठ्यांनीं झोडपलें. दुसऱ्या दिवशीं लोक पुन्हां आले. घरांतल्या कर्त्या माणसांना तेव्हां काय वाटलें असेल, ह्याची कल्पना वाचकांनीं आपल्या मनाशीं करावी. मुलगा किंवा मुलगी अठरा-वीस वर्षांची, बाहेर लाठ्या, 'जाऊं नकोस' म्हणावें तर तोंड उघडवत नाहीं, 'जा' म्हणावें तर काळजाचें पाणी होतें. पुष्कळ घरांतून आईबाप स्वतःच गळपट्टे गुंडाळून मुलांबरोबर चालूं लागले.

डिसेंबरांत स्पेनचे माजी पंतप्रधान फेलिपे गोन्झालेझ ह्यांच्या नेतृत्वाखालीं युरोपीय सुरक्षा संघटनेचें एक मंडळ चौकशीस आलें, आणि त्यानें २७ डिसेंबरला निर्णय दिला कीं, विरोधकांचा विजय खरा आहे. २७ जानेवारी १९९७ रोजीं, सर्बियाचे संत सावा ह्यांच्या उत्सवाच्या दिवशीं, वयोवृद्ध धर्मगुरु पावले हे हजारोंच्या मिरवणुकीपुढें चालले आणि विद्यार्थ्यांना दिवसेंदिवस अडवून उभी असलेली पोलिसांची फळी त्यांच्यापुढून हटली. अखेर फेब्रुवारींत मिलोशेविचनें माघार घेतली. खास कायदा करून मूळ निकाल मान्य करण्यांत आले, आणि २१ फेब्रुवारीस जिंजिच बेलग्रेडचा नगराध्यक्ष झाला.

गोष्ट येथेंच संपती तर ती मुलांस सांगण्याजोगी झाली असती. परंतु खरी गोष्ट पुढें आहे. जें तीन महिने बर्फांत उभें राहून मिळविलें, तें पुढाऱ्यांनीं सात-आठ महिन्यांत गमाविलें. 'एकत्र' ह्या नांवाच्या आघाडींत एकी राहिली नाहीं. मोठेपण कोणाचें, ह्यावरून जिंजिच आणि द्राश्कोविच ह्यांचें बिनसलें, आणि ३० सप्टेंबर १९९७ रोजीं द्राश्कोविचच्या पक्षानें सरकारपक्षाच्या साथीनें जिंजिचला पदावरून दूर केलें. घराघरांतून पातेलीं बडविणाऱ्या लोकांच्या मनाला तें किती लागलें असेल! रस्त्यावर यावें तें कोणासाठीं, असा प्रश्न विचारून पुष्कळ लोक घरीं बसले, कित्येक देश सोडून गेले.

मिलोशेविच तेवढ्या अवधींत स्वस्थ नव्हता. सर्बियाचें अध्यक्षपद दोनदांहून अधिक भोगतां येत नव्हतें, म्हणून जुलै १९९७ मध्यें तो संघराज्याचा अध्यक्ष झाला. पद बदललें, सत्ता बदलली नाहीं. १९९८ च्या मे महिन्यांत विद्यापीठांचा नवा कायदा येऊन कुलगुरूंची व विभागप्रमुखांची नेमणूक सरकारच्या हातीं गेली. ऑक्टोबरांत वृत्तपत्रांचा कायदा आला आणि जबर दंडांनीं स्वतंत्र पत्रांचा गळा आवळूं लागला. १९९९ च्या वसंतांत, कोसोव्होच्या युद्धामुळें नाटोचे बाँब बेलग्रेडवर पडत असतां, स्लाव्को चुरुविया हा निर्भीड पत्रकार आपल्या घराच्या दारांत गोळ्या घालून मारला गेला. २००० च्या ऑगस्टांत तो जुना मित्र स्तांबोलिच एकाएकीं नाहींसा झाला. त्याचें प्रेत तीन वर्षांनीं एका टेंकडीवर पुरलेलें सांपडलें. निवडून आलेला माणूस हुकूमशहा होतो तो असा, एका रात्रींत नव्हे. प्रत्येक पायरीला एक कायदा असतो, प्रत्येक कायद्याला एक सबब असते, आणि प्रत्येक सबब त्या त्या दिवशीं थोडीशी पटण्याजोगी असते.

पुढाऱ्यांवरचा विश्वास उडालेल्या कांहीं विद्यार्थ्यांनीं १९९८ च्या ऑक्टोबरांत 'ओत्पोर', म्हणजे 'प्रतिकार', ही संघटना काढली. तिला एक नेता असा ठेविलाच नाहीं. नेता नसला म्हणजे त्याला विकत घेतां येत नाहीं आणि पकडूनही उपयोग होत नाहीं. त्यांची एक खोडी प्रसिद्ध आहे. भर बाजारांत त्यांनीं मिलोशेविचचें चित्र रंगविलेलें एक पिंप ठेविलें, शेजारीं एक दांडका ठेविला, आणि एक नाणें टाकून पिंपाला एक तडाखा हाणण्याची मुभा दिली. आपण दूर जाऊन बसले. येणारेजाणारे हौसेनें बडवूं लागले. पोलीस आले, पण धरावें कोणाला? शेवटीं ते पिंपच उचलून गाडींत घालून घेऊन गेले, आणि गांवभर हंशा पिकला. ज्याला लोक हंसूं लागले, त्याचें भय निम्मे सरलें.

जुलै २००० मध्यें मिलोशेविचनें घटना बदलून संघाच्या अध्यक्षाची निवड थेट लोकांकडे सोंपविली, आणि २४ सप्टेंबरला मतदान ठरविलें. विरोधक पुन्हां फुटतील, हा त्याचा हिशेब होता. ह्या खेपेस अठरा पक्ष व संघटना एक झाल्या आणि त्यांनीं वोयिस्लाव्ह कोश्तुनित्सा हा एकच उमेदवार उभा केला. हा साधा, सरळ, घटनाशास्त्राचा पंडित. त्याच्या नांवाला पैशाचा डाग नव्हता. शिवाय चार वर्षांपूर्वींचा कागदाचा धडा कोणी विसरलें नव्हतें. मोजणीवर नजर ठेवण्यासाठीं हजारों स्वयंसेवक तयार करण्यांत आले, आणि केंद्राकेंद्रावरील पत्रकांच्या प्रती त्याच रात्रीं एकत्र आणून बेरीज करण्याची व्यवस्था झाली. म्हणून सरकारी आंकडा बाहेर पडण्यापूर्वींच लोकांस खरा आंकडा ठाऊक झाला होता.

सरकारी मंडळानें जाहीर केलें: कोश्तुनित्सास ४८.९६ टक्के, मिलोशेविचला ३८.६२ टक्के, पन्नासचा उंबरठा कोणींच ओलांडला नाहीं, सबब ८ ऑक्टोबरला दुसरी फेरी. विरोधकांच्या पत्रकांप्रमाणें उंबरठा पहिल्याच फेरींत ओलांडला गेला होता. प्रश्न एका-दोन टक्क्यांचा होता. पण त्या एका-दोन टक्क्यांत एक सारा देश अडकला होता. लोकांनीं दुसरी फेरी नाकारली.

२९ सप्टेंबरला कोलुबारा येथील कोळशाच्या खाणींतील साडेसात हजार कामगारांनीं काम थांबविलें. सर्बियाच्या जवळजवळ निम्म्या विजेस लागणारा कोळसा तेथून येई. आजवर सुशिक्षितांच्या मोर्चांकडे शहरी पोरांची चैन म्हणून पाहिलें जाई. आतां खाणींत उतरणारा माणूस त्यांच्या बाजूस आला. पोलीस खाण ताब्यांत घेण्यास आले, तेव्हां आसपासच्या गांवचे लोक येऊन मध्यें उभे राहिले. आणि ५ ऑक्टोबर २००० रोजीं देशाच्या साऱ्या वाटांनीं लोक राजधानीकडे निघाले. चाचाक गांवचा तांडा वाटेंतले पोलिसांचे अडसर ढकलून आला. दुपारीं संसदभवनांत लोक शिरले, तेथें आग लागली; एक माणूस माती उपसण्याचें अवजड यंत्र घेऊन दूरचित्रवाणीच्या इमारतीवर चालून गेला. त्या दिवशीं दोन जीव गेले. संध्याकाळीं त्याच सरकारी वाहिनीवर नव्या माणसांचा आवाज ऐकूं आला, आणि ६ ऑक्टोबरला मिलोशेविचनें हार कबूल केली. पुढें तो हेग येथील न्यायालयाच्या स्वाधीन झाला, आणि खटला चालू असतांच ११ मार्च २००६ रोजीं कोठडींत वारला.

ह्या विजयाच्या दुसऱ्या बाजूकडे आम्हीं डोळेझांक केली, तर तो वाचकांशीं अप्रामाणिकपणा होईल. ह्या चळवळीस अमेरिकेकडून व इतर पाश्चात्त्य देशांकडून पैशाची मदत झाली होती, आणि आजही तेथें त्यावरून वाद होतात. आमच्या मतें पैशानें भित्तिपत्रकें छापतां येतात. खाणकामगार खाणीबाहेर येत नाहीं. दुसरें असें कीं, आपलें मत चोरल्याबद्दल संतापलेल्या त्या शहरानें सारायेव्होच्या नागरिकांवर वर्षानुवर्षें पडणाऱ्या गोळ्यांबद्दल इतका मोठा आवाज कधीं काढला नव्हता. थोडे धैर्यवान स्त्री-पुरुष बोलले. बाकीचे गप्प राहिले. तिसरें सर्वांत दारुण. ५ ऑक्टोबरच्या आदल्या रात्रीं जिंजिचनें एका खास पोलीस-तुकडीच्या म्होरक्याची गांठ घेऊन गोळीबार होऊं नये, असा शब्द घेतला होता. रक्तपात त्यामुळें टळला. परंतु ती तुकडी तशीच राहिली, आणि १२ मार्च २००३ रोजीं, पंतप्रधान झालेल्या जिंजिचला तिच्याच एका अधिकाऱ्यानें गोळी घातली. तो म्होरक्याही त्या कटाबद्दल पुढें दोषी ठरला. जुना धनी गेला म्हणजे त्याचे लठैत आपोआप जात नाहींत.

आणि गोष्ट अजून संपलेली नाहीं. १९९८ चा वृत्तपत्रांचा कायदा आला तेव्हां जे माहितीमंत्री होते, ते अलेक्सांदर वुचिच २०१७ सालीं सर्बियाचे अध्यक्ष निवडून आले, आणि २०२२ सालीं पुन्हां निवडून आले. वृत्तपत्रें, वाहिन्या, नेमणुका ह्यांवर त्यांच्या पक्षाची पकड घट्ट होत गेल्याची तक्रार तेथें वर्षानुवर्षें होत राहिली. पक्षानें ती नाकारली. १ नोव्हेंबर २०२४ रोजीं सकाळीं ११ वाजून ५२ मिनिटांनीं नोवी साद येथील, नुकत्याच दुरुस्त केलेल्या रेल्वे स्थानकाचें काँक्रीटचें छत कोसळलें आणि पुढेंमागें मिळून १६ माणसें मेलीं. कामाचे कागद दाखवा, दोषी कोण तें सांगा, अशी मागणी घेऊन विद्यार्थी रस्त्यावर आले. छत कोसळलें त्याच घटकेला, एका मृतामागें एक मिनिट, असे ते मुकाट उभे राहत. जानेवारी २०२५ च्या अखेरीस बेलग्रेडचे विद्यार्थी सुमारें ऐंशी किलोमीटर पायीं चालून नोवी सादला गेले. वाटेंतल्या गांवांतून म्हाताऱ्या बायका टेबलें मांडून पोळ्या, सूप आणि गरम चहा घेऊन उभ्या होत्या. आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांस जेवूं घालणारीं गांवें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना ह्या दृश्याचा अर्थ समजावून सांगावयास नको. त्याच आठवड्यांत पंतप्रधानांनीं राजीनामा जाहीर केला.

१५ मार्च २०२५ रोजीं बेलग्रेडांत जो मेळा भरला, तो त्या देशानें पूर्वीं कधीं पाहिला नव्हता. सरकार म्हणालें, एक लाख सात हजार. स्वतंत्रपणें मोजणारे म्हणाले, पावणेतीन ते सव्वातीन लाख. पुन्हां मोजणीचाच तंटा! आणि मे महिन्यांत विद्यार्थ्यांनीं आपली मागणी सांगितली ती अशी कीं, मुदतीपूर्वीं निवडणूक घ्या. गल्लींत जमलेल्या लाखोंच्या जोरावर सत्ता हिसकावून घेण्याची भाषा त्यांनीं केली नाहीं. ते पुन्हां मतपेटीकडे वळले.

आम्हांस ह्या साऱ्या हकीकतींत मोलाचें वाटतें तें हेंच. मोर्चा हा मताच्या जागीं बसविण्याजोगा देव नव्हे. कोणाचा मोर्चा मोठा, ह्यावर राज्य ठरूं लागलें, तर उद्यां दांडग्याचें राज्य येईल. बेलग्रेडचा रस्ता जेव्हां जेव्हां जिंकला, तेव्हां त्याच्या हातांत सह्या केलेल्या पत्रकांची चळत होती, आणि त्याची मागणी 'आमचें ऐका' एवढीच नसून 'आम्हीं लिहून दिलेलें वाचा' अशी होती. जेव्हां हरला, तेव्हां विजयानंतर राखण सोडून लोक घरीं गेले होते आणि पुढारी बांधावर भांडत बसले होते. पेरणी झाली म्हणजे पीक घरीं आलें, असें कोणताही शेतकरी मानीत नाहीं. कणसांत दाणा भरल्यावर तो माळ्यावर जाऊन बसतो, आणि मळणी होऊन रास मापली जाईपर्यंत खालीं उतरत नाहीं. मत देणें ही पेरणी आहे.

सुशिक्षित घरांतून आजही मतदानाच्या दिवशीं सुट्टी म्हणून बाहेरगांवीं जाण्याचे बेत होतात. गेलेच तर लोक बोटावरची शाई दाखवून कृतकृत्य होतात. मोजणीच्या टेबलाशीं रात्रभर बसावयास घरचा मुलगा जातो म्हणाला, तर 'तुला काय करायचें आहे त्यांत?' असा प्रश्न येतो. बेलग्रेडच्या ज्या घरांतून साडेसातला पातेलीं वाजलीं, तींही अशींच घरें होतीं. तेथेंही पूर्वीं हाच प्रश्न विचारला जात असे. त्याचें उत्तर त्यांना अर्ध्या ट्रिलियनच्या नोटेनें, बर्फानें आणि लाठीनें शिकविलें. आपणांस तें शेजाऱ्याच्या अनुभवावरून शिकतां आलें तर बरें. येत्या खेपेस घरांतील कोणी मुलगा वा मुलगी मोजणीस बसावयास निघाली, तर तिच्याबरोबर डबा द्यावा, आणि निघतांना एवढें सांगावें कीं, बाळ, सही केलेल्या कागदाची प्रत घेतल्यावांचून परत येऊं नकोस.